व्हिस्कीच्या लेबलासाठी लढलेला डॉक्टर

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, फ्रँकफर्ट या राजधानीच्या शहरापासून जवळच, ग्लेन्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी चुनखडीच्या दगडात बांधलेला एक किल्ला आहे. त्याला बुरूज आहेत, तटबंदी आहे, झऱ्यावर खांबांचा देखणा मंडप आहे. पण हा किल्ला कुणा सरदाराचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नल एडमंड हेन्स टेलर या उद्योजकाने उभारलेली ती बर्बन व्हिस्कीची डिस्टिलरी आहे. पाहुण्यांनी यावे, कारखाना फिरून पाहावा आणि इथे लपवण्यासारखे काही नाही अशी खात्री करून जावे, हा त्यामागचा हेतू होता. आज केंटकीतल्या अशा डिस्टिलऱ्या पाहायला जगभरातून पर्यटक जातात. मका भरडण्यापासून ते आतून जाळलेल्या ओकच्या पिंपांनी भरलेल्या उंच गोदामांपर्यंत सारे काही त्यांना दाखवले जाते. काही बाटल्यांवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ मार्गदर्शक आवर्जून समजावून सांगतो.

मात्र बाटलीवर लिहिलेले आणि बाटलीत भरलेले एकच असावे, ही आज साधी वाटणारी गोष्ट अमेरिकेत कायद्याने रुजवण्यात सर्वांत मोठा वाटा होता तो केंटकीच्या शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एका डॉक्टरचा. त्याचे नाव हार्वे वॉशिंग्टन वायली. सरकारी नोकरीत राहून त्यांनी जवळजवळ तीस वर्षे भेसळीशी झुंज दिली. ती झुंज दुधाशी झाली, मधाशी झाली, औषधांशी झाली. सर्वांत चिवट ठरली ती मात्र व्हिस्कीशी.

नदीकाठचे घर

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी इंडियानाच्या दक्षिण टोकाला, केंट गावाजवळच्या लाकडी ओंडक्यांच्या शेतघरात झाला. त्यांचा जेफरसन जिल्हा ओहायो नदीच्या काठावर आहे. नदीच्या अलीकडे गुलामगिरीला बंदी होती आणि पलीकडे केंटकीत माणसे विकली जात होती. वडील प्रेस्टन वायली शेतकरी, शाळामास्तर आणि धर्मोपदेशकही होते. नदी ओलांडून पळून आलेल्या गुलामांना उत्तरेकडे सुखरूप पोचवण्याचे काम ते करत. शेजाऱ्यांचा रोष पत्करून योग्य वाटेल ते करत राहायचे, हा धडा मुलाला घरातच मिळाला.

१८६३ मध्ये वायली हॅनोव्हर कॉलेजात दाखल झाले. यादवी युद्धात १८६४ मध्ये काही महिने त्यांनी उत्तरेच्या सैन्यात शिपाईगिरी केली. परत येऊन १८६७ मध्ये पदवी, मग इंडियानापोलिसला लॅटिन आणि ग्रीक शिकवण्याची नोकरी आणि १८७१ मध्ये इंडियाना मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी, असा प्रवास झाला. डॉक्टर होऊनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. हार्वर्डमध्ये ते शास्त्र शिकून १८७४ मध्ये ते नव्यानेच सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये हॉफमान या ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली आणि अन्नपदार्थ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत काम केले. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाश किती वळतो यावरून साखरेची जात ओळखणारे पोलॅरिस्कोप हे उपकरण त्यांनी तिथे आत्मसात केले. परतल्यावर इंडियानाच्या आरोग्य मंडळासाठी त्यांनी बाजारातली सरबते आणि काकव्या तपासल्या. मधाच्या आणि मेपल सिरपच्या नावाखाली मक्यापासून केलेले स्वस्त ग्लुकोज सर्रास विकले जात होते. ग्लुकोज विष नव्हते. पण गिऱ्हाईक पैसे मधाचे मोजत होते आणि घरी नेत होते ते भलतेच. फसवणूक आणि अपाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींविरुद्ध कायदा हवा, हा त्यांचा पुढचा आयुष्यभराचा विचार इथे आकाराला आला.

पर्ड्यूत त्यांचे फार काळ जमले नाही. उंच चाकाची सायकल चालवत कॉलेजात येणे आणि विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळणे हे प्राध्यापकाला शोभत नाही, म्हणून विश्वस्तांनी त्यांची कानउघाडणी केली. वायलींनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. तो स्वीकारला गेला नाही. पण लवकरच वॉशिंग्टनहून बोलावणे आले आणि १८८३ मध्ये ते केंद्रीय कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ झाले.

पिंपातली आणि बाटलीतली

त्या काळी अमेरिकेत खाद्यपदार्थांवर देशव्यापी कायदाच नव्हता. दुधात पाणी आणि खडू, ते नासू नये म्हणून फॉर्मल्डिहाइड, मांसात टाकणखार, मिरपुडीत दळलेल्या नारळाच्या करवंट्या, मुलांच्या गोळ्यांत शिशाचे रंग, असा बाजार होता. वायलींच्या प्रयोगशाळेने १८८७ पासून एकामागून एक पुस्तिका काढून हे सारे आकड्यांनिशी छापले. तपासणीच्या पद्धती देशभर सारख्या असाव्यात म्हणून १८८४ मध्ये सरकारी कृषी रसायनतज्ज्ञांची संघटना स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

व्हिस्कीची गोष्ट समजायला बर्बन कशी होते ते थोडक्यात पाहायला हवे. मका हे तिचे मुख्य धान्य. आजच्या नियमाप्रमाणे ते किमान ५१ टक्के लागते. जोडीला राय किंवा गहू आणि मोड आणून वाळवलेली बार्ली असते. बार्लीतली विकरे पिठुळाची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. आधीच्या घाण्यातले आंबट पाणी नव्या घाण्यात घालायची इथे पद्धत आहे. त्याने आम्लता वाढते आणि नको ते जिवाणू दबतात. मोजमापाची उपकरणे हाती घेऊन ही पद्धत शिस्तीत बसवण्याचे श्रेय डॉ. जेम्स क्रो या स्कॉटलंडहून आलेल्या जाणकाराला दिले जाते. ते १८५६ मध्ये वारले. त्यांनी जिथे काम केले ती जागाही याच ग्लेन्स क्रीकच्या काठी आहे.

ऊर्ध्वपातनानंतर निघणारा द्रव पाण्यासारखा रंगहीन असतो. तो आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे ठेवतात. उन्हाळ्यात तो लाकडात शिरतो, हिवाळ्यात बाहेर येतो. लाकडातली टॅनिने, व्हॅनिलासारखा वास देणारी द्रव्ये आणि रंग तो सोबत आणतो. दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. म्हणजे चांगल्या व्हिस्कीत मालकाचे भांडवल वर्षानुवर्षे अडकून पडते आणि त्यातले थोडे वाफ होऊन नाहीसे होते.

ही वाट पाहायची कुणाची तयारी नसेल तर दुसरा मार्ग होता. भरपूर शुद्ध करून चव-वास काढून टाकलेला स्वस्त मद्यार्क घ्यायचा, त्यात रंगासाठी जळकी साखर, दाटपणासाठी आलुबुखारचा रस, वासासाठी अर्क आणि फेसाचे मणी दिसावेत म्हणून आणखी एखादे रसायन घालायचे आणि लेबलावर ‘जुनी केंटकी बर्बन’ असे छापायचे. असे मिश्रण करणाऱ्यांना रेक्टिफायर म्हणत. सारेच रेक्टिफायर लबाड होते असे नाही. चांगल्या व्हिस्कींचे प्रामाणिक मिश्रण करणारेही त्यांत होते. पण दोघांची लेबले सारखीच दिसत. देशात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मोठा हिस्सा या मिश्रणांचा होता.

कर्नल टेलर यांना हे खुपत होते. त्यात तत्त्व होते तसाच धंदाही होता. तेव्हाचे अर्थमंत्री जॉन कार्लाइल हेही केंटकीचेच होते. त्यांच्या साहाय्याने ३ मार्च १८९७ रोजी ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे ठेवलेली आणि ५० टक्के मद्यार्क असलेली व्हिस्कीच हे नाव लावू शकत होती. गोदामाला सरकारी कुलूप असे आणि बाटलीच्या बुचावर सरकारी हिरवी पट्टी चिकटवली जाई. ग्राहकाला मालाच्या अस्सलपणाची हमी देणारा अमेरिकेतला हा एक आरंभीचा कायदा. अर्थात तो फक्त चांगल्या मालाला ओळख देत होता. खोट्या मालाला त्याने हात लावला नव्हता.

विष खाणारी पंगत

त्यासाठी सर्वसाधारण कायदा हवा होता आणि काँग्रेसमध्ये त्याचे मसुदे वर्षानुवर्षे पडत होते. टिकाऊपणासाठी घातलेली रसायने इतक्या थोड्या प्रमाणात अपाय करत नाहीत, असा कारखानदारांचा दावा असे. खरे उत्तर कुणाकडेच नव्हते. वायलींनी ते माणसांवरच शोधायचे ठरवले. काँग्रेसने ५ हजार डॉलर मंजूर केले आणि १९०२ च्या अखेरीस कृषी खात्याच्या इमारतीच्या तळघरात एक खाणावळ सुरू झाली.

बारा धडधाकट तरुण स्वयंसेवक, बहुतेक खात्यातलेच कारकून, तिथे रोज तिन्ही वेळा जेवत. जेवण उत्तम आणि फुकट. अट एवढीच की बाहेर काही खायचे नाही. आधी काही दिवस साधे जेवण देऊन प्रत्येकाचे वजन, तापमान, नाडी आणि मलमूत्राची तपासणी यांची नोंद होई. मग टाकणखार वाढत्या प्रमाणात दिला जाई आणि शेवटी पुन्हा साधे जेवण. सुरुवातीला रसायन लोण्यात मिसळले होते. ते कळताच मंडळी नकळत लोणी टाळू लागली. मग ते कॅप्सूलमधून देण्यात आले. वर्तमानपत्रांना खबर लागली आणि या पंगतीचे ‘विषपथक’ असे नाव पडले. त्यावर नाटकांत गाणी आली. वायलींना आधी हा गाजावाजा आवडला नाही. पण त्याचा उपयोग त्यांच्या चटकन ध्यानात आला.

पाच वर्षांत टाकणखार, सॅलिसिलिक आम्ल, गंधकाची आम्ले, बेंझोएट आणि फॉर्मल्डिहाइड अशी रसायने तपासली गेली. भूक मंदावणे, डोकेदुखी, पोटदुखी, वजन घटणे अशी लक्षणे नोंदली गेली. फॉर्मल्डिहाइडचा प्रयोग तर माणसे फार आजारी पडू लागल्याने मध्येच थांबवावा लागला. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. शास्त्राच्या दृष्टीनेही त्यात उणिवा होत्या. माणसे मोजकी, सगळी तरुण आणि पुरुष. काय खातो आहोत हे त्यांना ठाऊक असे आणि तपासणाऱ्यांनाही. तरी एक गोष्ट घडली. पदार्थ निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, हा विचार लोकांच्या मनात रुजू लागला.

व्हिस्की म्हणजे काय?

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीने उठलेला गदारोळ आणि महिला संघटनांनी चालवलेली मोहीम यांचा त्यात मोठा वाटा होता. तरी लोक त्याला वायली कायदाच म्हणत. भेसळ आणि दिशाभूल करणारे लेबल हे दोन्ही आता गुन्हे ठरले. अफू, मॉर्फिन, कोकेन, मद्यार्क अशी द्रव्ये औषधात असतील तर तसे बाटलीवर छापणे सक्तीचे झाले. बाळाला शांत करणाऱ्या सरबतात काय आहे, हे आईला पहिल्यांदाच वाचता येऊ लागले.

अंमलबजावणी वायलींच्या खात्याकडे आली आणि लगेच प्रश्न उभा राहिला: व्हिस्की कशाला म्हणायचे? वायलींचे मत ठाम होते. धान्यापासून गाळलेली, धान्याची मूळ द्रव्ये राखलेली आणि पिंपात मुरलेली तीच व्हिस्की. रंग-वास दिलेला मद्यार्क ही तिची नक्कल. १९०७ मध्ये महान्यायवादी चार्ल्स बोनापार्ट यांनी जवळपास हाच निवाडा दिला. हे गृहस्थ नेपोलियनच्या धाकट्या भावाचे नातू. रेक्टिफायर खवळले. वायली केंटकीच्या बड्या डिस्टिलरीवाल्यांची तळी उचलतात, असा आरोप झाला. वायलींच्या निकषाचा फायदा टेलर आणि त्यांच्या मंडळींना होणार होता, हे उघडच होते. पण आपले म्हणणे मूळ ग्राहकाच्या हक्काचे आहे, यावर वायली ठाम राहिले.

रूझवेल्ट गेले, विल्यम टाफ्ट आले. टाफ्ट पिंडाने न्यायाधीश. त्यांनी नव्याने सुनावणी लावली आणि डिसेंबर १९०९ मध्ये निकाल दिला. धान्यापासून केलेला कुठलाही मद्यार्क व्हिस्की या नावाला पात्र आहे. फक्त निव्वळ मुरवलेली कुठली आणि मिश्रणाची कुठली, हे लेबलावर स्पष्ट लिहावे. मळीपासून केलेला मद्यार्क मात्र व्हिस्की नव्हे. वायलींना हा पराभव वाटला. पण ‘स्ट्रेट’ आणि ‘ब्लेंडेड’ हे शब्द आज बाटल्यांवर दिसतात, ते त्या वादातूनच तिथे पोचले.

याच काळात एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महसूल खात्याचे क्रॅम्प्टन आणि वायलींच्या खात्यातले टोलमन या दोघा रसायनतज्ज्ञांनी सरकारी गोदामांतल्या ३१ पिंपांचा आठ वर्षे माग काढला आणि १९०८ मध्ये निष्कर्ष छापले. जळलेल्या लाकडातून रंग, आम्ले आणि इतर द्रव्ये कशी उतरतात आणि त्यांच्या परस्पर प्रमाणावरून खरी मुरलेली व्हिस्की व रंगवलेली नक्कल कशी ओळखता येते, हे त्यातून कळले. पण आणखी एक गोष्ट कळली. फ्यूजेल तेल म्हणजे अमाइल अल्कोहोलसारखी जड अल्कोहोले पिंपात नाहीशी होतात आणि म्हणून जुनी व्हिस्की बाधत नाही, असा समज तेव्हा पक्का होता. अभ्यासात ती कमी झालेली दिसली नाहीत. उलट पाणी आणि मद्यार्क उडत गेल्याने दाट झाली होती. चव सुधारली, पण आरोग्याचा दाखला काही मिळाला नाही. अस्सल आणि निर्धोक हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे वायलींच्याच खात्याच्या आकड्यांनी दाखवून दिले.

जिथे पाऊल चुकले

हा फरक वायलींच्या स्वतःच्या मनात पुढे पुढे पुसट होत गेला. निसर्गातले ते चांगले, प्रयोगशाळेतले ते वाईट, अशी त्यांची धारणा घट्ट होत गेली. १९०८ च्या सुरुवातीला रूझवेल्ट यांच्यासमोर बेंझोएटवर चर्चा चालू असताना सॅकरिनचा विषय निघाला. वायलींनी न विचारताच ते घातक ठरवले. रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरिन देत होते. राष्ट्राध्यक्ष भडकले. त्यानंतर वायलींच्या निष्कर्षांची फेरतपासणी करायला शास्त्रज्ञांचे मंडळ नेमले गेले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी होते इरा रेमसेन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला होता. अल्प प्रमाणातले बेंझोएट निर्धोक आहे, असे या मंडळाने ठरवले. आज भारतातही ठरलेल्या मर्यादेत बेंझोएट चालते. उलट टाकणखार आणि फॉर्मल्डिहाइड अन्नातून हद्दपार झाले. त्या बाबतीत वायली बरोबर होते.

१९०९ मध्ये टेनेसीतल्या चॅटानूगा इथे कोका-कोलाच्या पाकाची ४० पिंपे आणि २० लहान पिंपे सरकारने जप्त केली. कारण होते त्यातले कॅफीन. १९११ च्या खटल्यासाठी कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञाकडून प्रयोग करवून घेतले. कुणाला कॅफीन मिळते आणि कुणाला साधी कॅप्सूल, हे घेणाऱ्याला कळू न देण्याची खबरदारी त्यांनी घेतली होती. पैसा कंपनीचा होता, पण प्रयोगाची रचना विषपथकाहून सरस होती. सरकार तो खटला हरले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९१६ मध्ये तो निकाल फिरवला आणि नंतर तडजोड होऊन पेयातले कॅफीन कमी झाले.

खात्यात वरिष्ठांशी खटके वाढले होते. एका सल्लागाराच्या मानधनावरून वायलींवर आरोप ठेवले गेले. टाफ्ट यांनीच १९११ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. पण काम करू देणारी माणसे उरली नव्हती. १५ मार्च १९१२ रोजी त्यांनी राजीनामा दिला. ‘गुड हाउसकीपिंग’ या महिलांच्या मासिकाने त्यांना प्रयोगशाळा आणि सदर दिले. तिथे ते अखेरपर्यंत ग्राहकांसाठी पदार्थ तपासत आणि लिहीत राहिले. ज्या गृहस्थाने विषपथकात बाईला जागा दिली नव्हती, त्याने वयाच्या ६६ व्या वर्षी अॅना केल्टन या स्त्रियांच्या मतदान-हक्कासाठी लढणाऱ्या तरुणीशी लग्न केले. व्हाइट हाउससमोर निदर्शने करून त्या तुरुंगातही जाऊन आल्या. त्यांना दोन मुलगे झाले.

औषधाच्या यादीतून बाहेर

१९१० ते १९२० या काळात वायली अमेरिकी औषधकोशाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. सर्पदंशापासून न्यूमोनियापर्यंत व्हिस्की देण्याची डॉक्टरांची जुनी सवय होती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९१६ मध्ये निघालेल्या आवृत्तीतून व्हिस्की आणि ब्रँडी वगळल्या गेल्या. ज्या व्हिस्कीच्या अस्सलपणासाठी वायलींनी दोन राष्ट्राध्यक्षांच्या दारी वाद घातला, ती अस्सल असली तरी औषध नव्हे, हे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या परिषदेने मान्य केले. वर्षभरात अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही मद्याला औषधी मूल्य नसल्याचा ठराव केला.

तरी १९२० मध्ये दारूबंदी आली तेव्हा औषधी व्हिस्कीची पळवाट ठेवली गेली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांत अर्ध्या लिटरहून थोडी कमी बाटली मिळे. अचानक कितीतरी लोकांना तिची गरज भासू लागली. बाकीच्यांनी चोरट्या दारूचा रस्ता धरला. तिच्यात अनेकदा कारखान्यांसाठी मिथेनॉल मिसळून पिण्यास अयोग्य केलेला मद्यार्क असे. लोक आंधळे झाले, मेले. देखरेखीचे कुलूप निघाले की बाटलीत काय येते, याचा अमेरिकेने घेतलेला हा अनुभव. कर्नल टेलर १९२३ मध्ये, कारखाने थंडावलेले असतानाच वारले. वायलींचे निधन ३० जून १९३० रोजी, त्यांच्या कायद्यावर सही झाल्याला बरोबर २४ वर्षे झाली त्या दिवशी झाले. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्यांना पुरले. त्याच वर्षी त्यांच्या जुन्या खात्यातून वाढलेल्या यंत्रणेला एफडीए हे आजचे नाव मिळाले.

लेबल काय सांगते, काय नाही

वायलींचा वाद महाराष्ट्रालाही परका नाही. इथे साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क होतो आणि देशात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्वस्त मालाचा तोच पाया असतो. युरोपात असा माल व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिथल्या नियमाने व्हिस्की धान्याचीच लागते. टाफ्ट यांनी १९०९ मध्ये आखलेली रेघ ती हीच. आपल्याकडे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मद्यही अन्नाच्या व्याख्येत येते आणि बाटलीवर आरोग्याचा इशारा छापावा लागतो.

जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. ते रक्त आम्लधर्मी करते आणि दृष्टीची नस जाळते. पिणाऱ्याला आधी साधी नशाच वाटते. पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांसमोर धुके ही लक्षणे काही तासांनी, कधी दिवसभरानंतर येतात. अशा वेळी घरी वाट न पाहता रुग्णालय गाठले तर विषाचे आम्ल होणे रोखणारे औषध आणि डायलिसिस यांनी जीव आणि दृष्टी वाचू शकते. उशीर झाला तर दृष्टी परत येत नाही. मरणाऱ्यांत मोलमजुरी करणारेच अधिक असतात, कारण लेबल असलेली बाटली त्यांच्या खिशाला परवडत नाही.

आणि लेबल असलेल्या बाटलीचे काय? ‘बॉटल्ड इन बाँड’ व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १२ ग्रॅम मद्यार्क असतो. तो केंटकीच्या किल्ल्यातला असो की मिश्रणातला, यकृताला त्यात भेद करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांचे कर्करोग त्याच्याशी जोडलेले आहेत. मद्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

वायलींनी ग्राहकासाठी मिळवलेला हक्क एवढाच होता, की बाटलीत काय आहे ते त्याला खरे कळावे. मिथेनॉलचा घोट आणि मुरलेल्या बर्बनचा घोट यांत जीवनमरणाचे अंतर आहे आणि ते राखायला कायदा, प्रयोगशाळा आणि लाच न खाणारा तपासनीस लागतो. लेबल खरे आहे, याची हमी सरकार देऊ शकते. पेला भरायचा की नाही, हे ठरवताना मात्र त्याच लेबलावरचा आरोग्याचा इशाराही वाचायला हवा.